मालदीवमध्ये दोघांसाठी अख्खं बेट: हा एकांत तयार कसा होतो आणि त्याचं बिल कसं बनतं?

निळं-हिरवं पाणी, त्यात खांबांवर उभी असलेली लाकडी खोली, खोलीतून थेट समुद्रात उतरणारा जिना आणि स्विमिंग पूलमध्ये तरंगणारा नाश्त्याचा ट्रे. लग्नसराई संपली की इन्स्टाग्रामवर हे दृश्य दिसायला लागतं. मुंबईहून थेट विमानानं साधारण अडीच-तीन तासांत पोचता येणारा मालदीव आता हनिमूनच्या गप्पांमध्ये गोवा, केरळ आणि बालीच्या जोडीनं येतो.

या फोटोंमध्ये एक गोष्ट ठरलेली असते. ते दोघं आणि समुद्र, तिसरं कुणीच नाही. हा एकांत निसर्गानंच दिलाय असं वाटतं. प्रत्यक्षात तो एका सरकारी धोरणातून तयार झालाय. खोलीचं भाडं, बेटावर पोचायचा खर्च, दारूचे नियम, पिण्याचं पाणी, कचरा आणि स्थानिक माणसांचं न दिसणं, या सगळ्याचं मूळ त्याच धोरणात आहे. ते समजलं की बुकिंग करताना पडणारे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

एक बेट, एक रिसॉर्ट म्हणजे काय?

मालदीव हा सुमारे १,१९० छोट्या प्रवाळ बेटांचा देश आहे. ही बेटं २६ कंकणद्वीपांमध्ये, म्हणजे समुद्रातून वर आलेल्या प्रवाळांच्या कड्यांमध्ये, विखुरलेली आहेत. कंकणद्वीपासाठी जगभर वापरला जाणारा 'अटोल' हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतूनच आलाय. देशाची सगळी जमीन एकत्र केली तर ती जेमतेम ३०० चौरस किलोमीटर भरते. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होणाऱ्या क्षेत्रफळापेक्षाही कमी.

यातल्या सुमारे दोनशे बेटांवर लोक राहतात. दीडशेहून अधिक बेटांवर रिसॉर्ट आहेत. या दोन याद्या वेगळ्या ठेवायच्या, हे मालदीवचं जुनं धोरण. सरकार एक निर्मनुष्य बेट एका कंपनीला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देतं आणि त्या बेटावर एकच रिसॉर्ट उभं राहतं. तिथे गाव नसतं, बाजार नसतो, शेजारी दुसरं हॉटेल नसतं. बांधकाम बेटाच्या ठरावीक भागापुरतंच करायचं आणि इमारती झाडांच्या वर डोकावू द्यायच्या नाहीत, असेही नियम आहेत. लांबून पाहिलं तर बेटावर फक्त नारळाची झाडं दिसतात, ती यामुळेच.

पाहुण्यांसाठी याचा सरळ अर्थ असा: एकदा जेटीवर उतरलात की जेवण, पाणी, सहल, मसाज, डोकेदुखीची गोळी, सगळं त्या एकाच मालकाकडून घ्यायचं. कोपऱ्यावरचं किराणा दुकान नाही आणि पलीकडच्या गल्लीतलं स्वस्त हॉटेलही नाही.

ही कल्पना सुचली कुणाला?

मालदीव २६ जुलै १९६५ रोजी ब्रिटिशांच्या संरक्षणाखालून स्वतंत्र झाला. मासेमारी हाच मुख्य धंदा होता. संयुक्त राष्ट्रांच्या एका पथकानं १९६० च्या दशकात पाहणी करून या देशात पर्यटन चालणार नाही असं मत दिलं होतं, असं सांगितलं जातं. त्या वेळची स्थिती पाहता ते मत अगदीच चुकीचं वाटलं नसतं. विमानसेवा नाही, बँक नाही, राहायला हॉटेल नाही.

जॉर्ज कॉर्बिन हा इटालियन पर्यटन व्यावसायिक १९७१ मध्ये नव्या बेटांच्या शोधात होता. कोलंबोतल्या मालदीवच्या दूतावासात काम करणाऱ्या अहमद नसीम या तरुणाशी त्याची ओळख झाली. फेब्रुवारी १९७२ मध्ये कॉर्बिन इटालियन पर्यटकांचा पहिला गट घेऊन आला. त्यांना राजधानी मालेतल्या घरांमध्ये उतरवलं गेलं. परत जाताना पाहुणे खूश होते.

नसीम, मोहम्मद उमर मनिकू आणि हुसेन अफीफ या तिघांनी मग विहामनाफुशी या नारळाच्या बेटावर बांधकाम सुरू केलं. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी ३० खोल्यांचं 'कुरुंबा' सुरू झालं. कुरुंबा म्हणजे नारळ. मालदीवचं हे पहिलं रिसॉर्ट आजही चालू आहे.

या सुरुवातीत भारताचाही हात आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये भारतीय स्टेट बँकेनं मालेत शाखा उघडली. पर्यटकांना पैसे बदलून मिळू लागले आणि पुढच्या काळात रिसॉर्ट उभारणीसाठी याच बँकेनं कर्जंही दिली. हुलुले बेटावरच्या धावपट्टीचं १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळात रूपांतर झालं आणि युरोपातून थेट विमानं उतरू लागली.

पाण्यावरच्या खोल्या मात्र मालदीवचा शोध नाहीत. पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात, रायाटिया बेटावर, तीन अमेरिकन मित्रांनी १९६७ मध्ये त्या पहिल्यांदा बांधल्या. त्यांच्या हॉटेलला चांगला किनारा नव्हता, म्हणून त्यांनी खोल्याच पाण्यात नेल्या. मालदीवनं ही कल्पना घेतली आणि तीच पुढे या देशाची ओळख बनली.

स्थानिक लोक दिसत का नाहीत?

मालदीव इस्लामी राष्ट्र आहे. २००८ च्या राज्यघटनेनुसार मुस्लिम नसलेल्या व्यक्तीला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. दारू आणि डुकराचं मांस लोकवस्तीच्या बेटांवर चालत नाही. पर्यटकांना मात्र बिकिनी, बिअर आणि बेकन हवं होतं. यावर काढलेला तोडगा म्हणजे दोन वेगळे मालदीव. रिसॉर्टवर परवान्यानं दारू मिळते, गावात नाही. १९८० च्या दशकात परदेशी पर्यटकांनी लोकवस्तीच्या बेटांवर मुक्काम करण्यावरही निर्बंध आले.

या तोडग्यानं देशाला पैसा मिळाला. आज मालदीवच्या सकल देशांतर्गत उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा थेट पर्यटनातून येतो. पण पाहुणे आणि यजमान यांची भेट फक्त एकाच नात्यानं व्हायला लागली: एक पैसे देणारा, दुसरा सेवा देणारा. रिसॉर्टवरचे बरेचसे कर्मचारी बांगलादेश, भारत, श्रीलंका, नेपाळ आणि फिलिपिन्सचे असतात. तिथे काम करणारे मालदीवचे तरुण आठवडेच्या आठवडे घरापासून लांब, त्याच बेटावरच्या कर्मचारी वस्तीत राहतात. झाडांच्या मागची ही वस्ती पाहुण्यांना दिसणार नाही अशीच आखलेली असते. मालदीवच्या स्त्रिया तर या नोकऱ्यांमध्ये फारच कमी आहेत.

हे अंतर किती मोठं आहे, ते ऑक्टोबर २०१० मध्ये जगानं पाहिलं. युरोपातून आलेल्या एका जोडप्यानं एका रिसॉर्टवर लग्नाच्या शपथा पुन्हा घेण्याचा समारंभ ठेवला होता. विधी सांगणारा कर्मचारी मंत्र म्हणावेत तशा गंभीर सुरात धिवेही भाषेत त्या दोघांना शिव्या घालत होता. जोडप्याला भाषा कळत नव्हती, त्यामुळे ते हसतमुखानं उभे होते. याचा व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि जगभर पसरला. मालदीव सरकारनं जाहीर माफी मागितली, पोलिसांनी अटक केली. त्या कर्मचाऱ्याच्या वागण्याचं समर्थन कुणीच केलं नाही. पण ज्यांच्यासाठी राबायचं त्यांच्याबद्दल मनात काय साचत असेल, हा प्रश्न त्यानिमित्तानं देशात उघडपणे विचारला गेला.

त्यानंतरच्या काळात एक महत्त्वाचा बदल झाला. २०२० मध्ये कामगार कायद्यात दुरुस्ती करून पर्यटन व्यवसायात किमान १० टक्के सेवाशुल्क घेणं आणि त्यातली जवळपास सगळी रक्कम कर्मचाऱ्यांमध्ये वाटणं बंधनकारक केलं गेलं. म्हणजे बिलातला तो १० टक्क्यांचा आकडा निदान कागदावर तरी वाढणाऱ्या, झाडणाऱ्या आणि सामान उचलणाऱ्यांच्या खिशात जायला हवा.

बेटावर पोचायचं कसं?

मुख्य विमानतळ मालेजवळ आहे. तिथून रिसॉर्टपर्यंत जायचे तीन मार्ग: स्पीडबोट, सीप्लेन, किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. जवळच्या बेटांना स्पीडबोट पुरते. लांबच्या बेटांना बहुतेकदा सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान. ट्विन ऑटर जातीच्या या छोट्या विमानात पंधराएक प्रवासी बसतात आणि वैमानिक अनेकदा अनवाणी असतात. मालदीवमधली ट्रान्स मालदीवियन एअरवेज ही सीप्लेन चालवणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी आहे.

वरून दिसणारी कंकणद्वीपं पाहणं हा खरोखर सुंदर अनुभव आहे. पण बुकिंग करताना तीन गोष्टी हमखास निसटतात.

पहिली, सीप्लेनचं भाडं खोलीच्या भाड्यात बहुधा धरलेलं नसतं. ते जाऊन-येऊन माणशी काहीशे डॉलर होतं.

दुसरी, सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी उतरलं तर ती रात्र माले किंवा शेजारच्या हुलुमालेत काढावी लागते. रिसॉर्टचे पैसे त्या रात्रीपासून भरले असतील तर ते बहुधा वाया जातात. म्हणून आधी रिसॉर्टला विमानाची वेळ कळवायची, मग तिकीट काढायचं.

तिसरी, सामान. सीप्लेनमध्ये साधारण २० किलो मोठं आणि ५ किलो हातातलं सामान चालतं. त्यापुढे किलोमागे पैसे.

वेळेचाही एक घोळ आहे. मालदीवचं घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे असतं. अनेक रिसॉर्ट मात्र पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. परतीच्या दिवशी बोटीची वेळ कुठल्या घड्याळानं सांगितली आहे, हे विचारून घेतलेलं बरं.

४०० डॉलरची खोली ५३९ डॉलरची कशी होते?

रिसॉर्टच्या दरापुढे कधीकधी अधिकची दोन चिन्हं दिसतात. त्यांचा अर्थ 'सेवाशुल्क आणि कर वेगळे'. १ जुलै २०२५ पासून पर्यटनावरचा जीएसटी १७ टक्के झालाय. ग्रीन टॅक्स हा पर्यावरण कर १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी रोज १२ डॉलर आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. जाहिरातीत दोघांच्या खोलीचा एका रात्रीचा दर ४०० डॉलर, कर वेगळे.

- खोली: ४०० डॉलर
- सेवाशुल्क १० टक्के: ४० डॉलर
- पर्यटन जीएसटी, ४४० डॉलरवर १७ टक्के: ७४.८० डॉलर
- ग्रीन टॅक्स, दोघांचा: २४ डॉलर
- एकूण: ५३८.८० डॉलर

चार रात्रींचा फरक ५५५.२० डॉलर होतो. म्हणजे जाहिरातीतल्या दरानं पाहिलं तर एका रात्रीपेक्षा जास्त भाडं फक्त करांत आणि शुल्कात जातं. यात सीप्लेन, जेवण आणि सहली अजून आलेल्याच नाहीत.

देश सोडतानाचा कर वेगळा. इकॉनॉमी वर्गानं जाणाऱ्या परदेशी प्रवाशाला १ डिसेंबर २०२४ पासून ५० डॉलर निर्गमन कर आणि ५० डॉलर विमानतळ विकास शुल्क लागतं. ही रक्कम विमानाच्या तिकिटातच धरलेली असते, त्यामुळे ती वेगळी जाणवत नाही. मालदीवचं तिकीट अंतराच्या मानानं महाग वाटतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

जेवणाचं गणितही समजून घ्यायला हवं. फक्त नाश्ता धरलेला दर स्वस्त दिसतो. पण बाहेर जेवायला जागाच नसल्यानं दुपारचं आणि रात्रीचं जेवण रिसॉर्टच्या दरानंच घ्यावं लागतं. 'हाफ बोर्ड' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, 'फुल बोर्ड' म्हणजे तिन्ही वेळचं जेवण. या दोन्हींत पेयं, कधीकधी पिण्याच्या पाण्याची बाटलीसुद्धा, वेगळी असू शकते. 'ऑल इन्क्लुझिव्ह'मध्ये नेमकं काय येतं, हे प्रत्येक रिसॉर्ट आपापलं ठरवतं. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर आधीच लिहून कळवावं.

बेटावर पाणी आणि वीज कुठून येते?

मालदीवमध्ये नद्या नाहीत. वाळूखाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर असतो, तो शेकडो पाहुण्यांना पुरणारा नाही. म्हणून प्रत्येक रिसॉर्ट समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करतं. शॉवरचं पाणी, बाथटबचं पाणी, प्रत्येक खोलीसमोरच्या छोट्या पूलचं पाणी, सगळं बेटावरच तयार होतं. त्यासाठी लागणारी वीज मुख्यतः डिझेल जनरेटरवर बनते. छतांवर सौर पॅनल वाढत आहेत, पण डिझेलची बोट अजून थांबलेली नाही.

ही व्यवस्था किती नाजूक आहे, ते डिसेंबर २०१४ मध्ये दिसलं. मालेतल्या पाणी गोडं करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि संपूर्ण राजधानी पिण्याच्या पाण्याविना राहिली. भारतानं विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवलं.

खाण्याचंही तसंच. ट्यूना मासा आणि नारळ स्थानिक, बाकी बहुतेक सगळं बाहेरून. बटाटे, कांदे, अंडी, तांदूळ, गव्हाचं पीठ या वस्तू भारत दरवर्षी ठरावीक कोट्यानं मालदीवला निर्यात करतो. भारतानं कांद्यासारख्या मालाची निर्यात रोखली होती तेव्हाही मालदीवसाठी सूट ठेवली होती.

आणि कचरा? मालेपासून काही किलोमीटर पश्चिमेला थिलाफुशी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उथळ समुद्रात कचऱ्याचा भराव टाकून हे बेट तयार करायला सुरुवात झाली. राजधानीचा आणि रिसॉर्टचा कचरा वर्षानुवर्षं तिथे उघड्यावर जळत राहिला. उघड्यावर जाळणं २०२१ मध्ये थांबवण्यात आलं. रिसॉर्टना आपल्या बेटावर कचरा जाळण्याची बंदिस्त भट्टी, काच फोडायचं आणि डबे दाबायचं यंत्र ठेवावं लागतं. अनेक रिसॉर्ट आता प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी बेटावरच काचेच्या बाटल्यांत पाणी भरतात.

पांढरी वाळू येते कुठून?

माशांकडून. पॅरटफिश हा रंगीबेरंगी मासा प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो. त्यासोबत पोटात गेलेला प्रवाळाचा चुरा बारीक होऊन वाळूच्या रूपात बाहेर पडतो. मालदीवच्या वक्कारू बेटाभोवती झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तिथे तयार होणाऱ्या नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू याच माशामुळे बनते असं आढळलं.

म्हणजे प्रवाळ आणि मासे आहेत, तोवर वाळू आहे. वाळू आहे, तोवर बेट आहे. यातली पहिली कडीच सध्या कमकुवत होतेय. समुद्राचं पाणी जास्त तापलं की प्रवाळ आपल्या आतलं रंगीत शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. तापमान लवकर उतरलं नाही तर ते मरतं. १९९८ मध्ये मालदीवच्या उथळ पाण्यातलं बहुतांश प्रवाळ असं मेलं. सावरत असतानाच २०१६ मध्ये पुन्हा मोठा फटका बसला.

दुसरा धोका वाढत्या समुद्रपातळीचा. देशाची ८० टक्क्यांहून अधिक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथे ८० हून अधिक माणसं गेली आणि देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्के इतकं नुकसान झालं. १७ ऑक्टोबर २००९ रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या तळाशी घेतली होती, ती याच संकटाकडे जगाचं लक्ष वेधण्यासाठी.

किनाऱ्याची वाळू ऋतूनुसार बेटाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतही असते. ईशान्य मोसमी वाऱ्यांत एक बाजू रुंद, नैऋत्य वाऱ्यांत दुसरी. फोटोत दिसलेला लांबलचक किनारा तुम्ही जाल तेव्हा आखूड असेल, तर त्यात दर वेळी फसवणूक असतेच असं नाही. पण प्रत्येक खोलीसमोर बारा महिने किनारा हवा म्हणून काही ठिकाणी समुद्रतळाची वाळू उपसून टाकली जाते, बंधारे घातले जातात. उपशाचा गाळ प्रवाळावर बसला की ते गुदमरतं. पाहायला आलेल्यांना किनारा मिळतो, पण तो घडवणारं प्रवाळ त्यात मरतं.

रिसॉर्ट परवडत नसेल तर?

२००८ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारनं गावांमध्ये गेस्टहाऊस उघडायला वाट मोकळी केली. मालेच्या दक्षिणेला असलेल्या माफुशीत २०१० मध्ये पहिलं गेस्टहाऊस सुरू झालं. तोवर हे बेट तुरुंगासाठी ओळखलं जायचं. आज देशभरातल्या गावांत शेकडो गेस्टहाऊस आहेत आणि त्यांचे अनेक मालक स्थानिक कुटुंबांतले आहेत. पन्नासपेक्षा कमी खोल्या असलेल्या गेस्टहाऊसमध्ये ग्रीन टॅक्सही निम्मा, म्हणजे माणशी रोज ६ डॉलर आहे.

इथे समुद्र तोच, पण नियम गावाचे. दारू नाही. बिकिनी फक्त त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावर. गावातून फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उघड्यावर जवळीक टाळायला हवी. शुक्रवारी सार्वजनिक फेरी बोटी बहुतेक बंद असतात. बदल्यात चहाच्या टपरीवर ट्यूना, नारळ आणि कांद्याची 'मासहुनी' चपातीसोबत खाता येते आणि ती करणाऱ्या माणसाशी बोलताही येतं. बरीच जोडपी आता दोन-तीन रात्री गावात आणि शेवटची एक-दोन रिसॉर्टवर अशी वाटणी करतात. काही रिसॉर्ट फक्त दिवसभरासाठीही प्रवेश देतात.

जाण्यापूर्वी लक्षात ठेवायचे नियम

- भारतीय पर्यटकांना आगाऊ व्हिसा लागत नाही, तो विमानतळावर मोफत मिळतो. प्रवासाआधी ९६ तासांच्या आत 'इमुगा' या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरावी लागते. तीही मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत.
- ड्युटी फ्रीची दारू देशात नेता येत नाही. ती विमानतळावर जमा करून परतताना घ्यावी लागते. डुकराचं मांस आणि पूजेसाठीच्या मूर्तीही मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत आहेत.
- ई-सिगारेट आणण्यावर नोव्हेंबर २०२४ पासून बंदी आहे. १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखूजन्य पदार्थ वापरता येत नाहीत, आणि हा नियम पर्यटकांनाही लागू आहे.
- प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून आणू नका. ते देशाबाहेर नेणं बेकायदा आहे. पोहताना प्रवाळावर उभं राहू नका.
- हनिमूनची सवलत घेणार असाल तर अनेक रिसॉर्ट विवाह नोंदणीचा दाखला मागतात. त्याची प्रत फोनमध्ये ठेवा.
- कोरडा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. तेव्हा दर चढे असतात. मे ते ऑक्टोबर पावसाचा काळ, दर उतरतात. बा कंकणद्वीपातल्या हनिफारू खाडीत मांटा रे मासे पाहायचे असतील तर हाच काळ योग्य.

भारतीयांचं मालदीवशी नातं कसं बदललं?

कोरोनाकाळात मालदीवनं १५ जुलै २०२० रोजी पर्यटकांसाठी दारं उघडली. एका बेटावर एकच रिसॉर्ट असल्यानं अंतर राखणं सोपं होतं. तेव्हा हिंदी सिनेमातले अनेक तारे तिकडे गेले आणि त्यांच्या फोटोंनी सामान्य भारतीयांना हे बेट ओळखीचं करून दिलं. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय मालदीवला गेले. त्या वर्षी सर्वाधिक पर्यटक भारतातूनच आले होते.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर अवमानकारक शेरे मारले. त्यांना निलंबित केलं गेलं, पण भारतात बहिष्काराची मोहीम पसरली. २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांची संख्या सुमारे १.३ लाखांवर आली. त्याच वर्षी मालदीवला आलेल्या एकूण पर्यटकांनी मात्र २० लाखांचा आकडा ओलांडला. जुलै २०२५ मध्ये मोदी मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्याला प्रमुख पाहुणे होते.

रिसॉर्टला विचारायचे पाच प्रश्न

बुकिंगचे पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दोघांचं, सगळे कर आणि बेटापर्यंतचा प्रवास धरून, एकूण किती होईल? माझं विमान अमुक वाजता उतरतं, त्या दिवशी सीप्लेन मिळेल का? जेवणाच्या पर्यायात पाणी आणि पेयं आहेत का? किनाऱ्यावरून पोहत जाता येईल असं प्रवाळ आहे का, की त्यासाठी बोटीचे पैसे द्यावे लागतील? आणि पाचवा प्रश्न: बेटावरचा कचरा आणि सांडपाणी कुठे जातं? या शेवटच्या प्रश्नाचं नीट उत्तर देणारी रिसॉर्ट आहेत. ज्या बेटाचं भाडं आपण देणार आहोत ते पुढच्या पिढीतल्या जोडप्यांसाठीही पाण्यावर राहावं, असं वाटत असेल तर निवड करताना हे उत्तर हिशेबात धरावं.